घड्याळाला काय दिसतं?

[पडद्यावर: अंधारात उलटं धरलेलं घड्याळ, हिरवा प्रकाश अगदी जवळून]

व्यायामात किती कॅलरी खर्च झाल्या ते सांगणाऱ्या स्मार्ट घड्याळाचा हा हिरवा दिवा. तो घड्याळाच्या पाठीला असतो, म्हणून एरवी नजरेस पडत नाही. घड्याळ काढून अंधारात उलटं धरलं की असा लुकलुकताना दिसतो.

हिरवाच का? रक्त लाल, आणि लाल वस्तू हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर फुगतात. रक्त वाढलं की हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येतो तो कमी. दोन ठोक्यांच्या मधे उलट. दिव्याशेजारचा हा काळा चौकोन परत येणारा प्रकाश सेकंदाला कितीतरी वेळा मोजतो. त्याचा आलेख म्हणजे ही लाट. लाटेची शिखरं मोजली की नाडीचा वेग मिळतो.

घड्याळाच्या पोटात, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, आणखी एक सेन्सर आहे. हात कुठल्या दिशेनं आणि किती जोरात हलला, ते तो टिपतो.

नाडी आणि हालचाल. थोडे जास्त पैसे मोजले तर जीपीएस आणि हवेच्या दाबावरून उंची. कॅलरीच्या हिशेबापुरतं एवढंच. कॅलरी मोजणारा सेन्सर या घड्याळात नाही, शेजारच्या घड्याळात नाही, दुकानातल्या कुठल्याच घड्याळात नाही. ज्वाळेच्या चित्राशेजारी जो आकडा झळकतो, तो गणित करून काढलेला असतो.

[प्रयोगशाळा. ट्रेडमिल. तरुणाच्या तोंडावर मुखवटा बांधला जातोय]

खर्च झालेली कॅलरी प्रत्यक्ष मोजायची तर एवढा सरंजाम लागतो. पुण्यातली ही क्रीडाशास्त्राची प्रयोगशाळा. हा तरुण हाफ मॅरेथॉन पळतो. आज उपाशीपोटी आलाय, चहासुद्धा नाही.

मॅडमच्या हातात ही जी भलीमोठी सिरिंज दिसतेय, तिच्यात बरोबर तीन लिटर हवा मावते. तीन लिटर आत ढकलायची आणि श्वास मोजणारं यंत्र तीनच लिटर दाखवतंय ना, ते बघायचं. मग ठरावीक मिश्रणाच्या वायूचा सिलिंडर जोडून दुसरी तपासणी. मग मुखवटा. मॅडम त्याच्या तोंडावर तळहात दाबून धरतात आणि त्याला श्वास सोडायला सांगतात. गालाजवळून फुस्स झालं, की पट्टे पुन्हा आवळायचे.

बाहेरच्या हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन असतो. पळणाऱ्याच्या उच्छ्वासात तो सोळा-सतरा टक्क्यांवर येतो. मधला ऑक्सिजन शरीरानं वापरला. एक लिटर ऑक्सिजन वापरला, की ढोबळमानानं पाच कॅलरी खर्च होतात. सोबत कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडला ते पाहिलं, की जळण चरबीचं होतं की साखरेचं, तेही कळतं. हा पठ्ठ्या आत्ता मिनिटाला अडीच लिटर ऑक्सिजन ओढतोय. म्हणजे मिनिटाला साडेबारा कॅलरी.

आता त्याच्या मनगटावरचं घड्याळ आणि यंत्राचा पडदा एकाच चौकटीत बघा.

[दोन्ही आकडे शेजारी शेजारी. निवेदन थांबतं.]

[जुनी छायाचित्रं: तांब्याची खोली, आत खाट, सायकल]

आता एक जुनी गोष्ट. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउन गावी वेस्लियन विद्यापीठ आहे. १८९०च्या दशकात तिथल्या विल्बर ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानं एक खोली बांधली. आतून तांब्याचा पत्रा, बाहेरून जस्ताचा. माणूस आत जायचा आणि दार बंद व्हायचं. खाट, टेबल, खुर्ची, आणि व्यायामासाठी एका जागी उभी केलेली सायकल. जेवण भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत सरकवायचे. माणूस आतच झोपायचा, आतच वाचायचा, आतच पेडल मारायचा. काही प्रयोग कित्येक दिवस चालले.

खोलीत नळ्या फिरवलेल्या होत्या, त्यांतून थंड पाणी वाहायचं. माणसाच्या अंगातून निघालेली उष्णता ते पाणी सोबत घेऊन जायचं. आत जाताना पाणी किती थंड, बाहेर येताना किती कोमट, आणि एकूण पाणी किती वाहिलं, यावरून उष्णता काढायची. दुसरीकडे ताटात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाचा नमुना जाळून त्यातली ऊर्जा मोजायची. मलमूत्रातून वाया गेलेली ऊर्जा त्यातून वजा करायची. हो, तेही मोजत होते! दोन्ही बाजू जुळल्या. अगदी थोड्या फरकानं, पण जुळल्या. पुढे पाकिटांवर आलेला ४, ४ आणि ९ हा हिशेब, म्हणजे एका ग्रॅम प्रथिनाच्या चार, कर्बोदकाच्या चार आणि चरबीच्या नऊ कॅलरी, याच माणसाच्या कामातून आला.

प्रत्येक माणसाला खोलीत कोंडणं शक्य नव्हतं, तेव्हा सूत्रं आली. १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट या दोघा अमेरिकन संशोधकांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून एक समीकरण प्रसिद्ध केलं. वजन, उंची, वय आणि लिंग सांगा. नुसतं पडून राहिलात तर दिवसाला किती कॅलरी लागतील, ते समीकरण सांगेल. पंचेचाळिशीतल्या, ६० किलो वजनाच्या, पाच फूट एक इंच उंचीच्या बाईंचं उत्तर येतं साधारण तेराशे. तासाला ५४.

घड्याळ विकत घेतल्यावर पहिल्यांदा ते काय विचारतं, आठवा. वजन, उंची, वय, लिंग. आतलं गणित कंपन्या उघड करत नाहीत, पण त्याची जात हीच. आणि हे तासाचे ५४ काही घड्याळं व्यायामाच्या आकड्यात धरतात, काही धरत नाहीत. तासभर सोफ्यावर बसूनही जे खर्चच होणार होते, ते चालण्याच्या खात्यात पडले की आकडा कसा गुटगुटीत दिसतो!

[घड्याळांचे जवळून फोटो, एकामागून एक]

२०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांना बाजारातली सात यंत्रं बांधून चालवलं, पळवलं, सायकलवर बसवलं. तोंडावर असाच मुखवटा. नाडी सातपैकी सहा यंत्रांनी छान पकडली, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र सगळ्यात बरं यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. त्वचा सावळी असेल तर चूक वाढते, हेही त्यात दिसलं. सेन्सर तेव्हापासून सुधारलेत. पण नाडीवरून कॅलरीकडे जाताना मारावी लागणारी उडी अजून तीच आहे. नाडी काय, उन्हानंही वाढते, दोन कप कॉफीनंही आणि साहेबांचा फोन आला तरीही.

[दोन पुरुषांचं छायाचित्र, दोघेही पांढऱ्या शर्टात]

आता हा फोटो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, दशांशापर्यंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी. आपल्याकडच्या मधुमेहाचा मोठा धागा डॉ. याज्ञिकांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून इथूनच उलगडला.

पडून राहिलेलं असतानाही स्नायू चरबीपेक्षा जास्त ऊर्जा खातात. बीएमआय सारखा असला, तरी या दोघांचा खर्च सारखा धरता येत नाही. विश्रांतीतला भारतीयांचा खर्च परदेशी सूत्रांपेक्षा पाच टक्के कमी धरा, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, तज्ज्ञ गटानं १९८९ सालीच म्हणून ठेवलंय. घड्याळ ‘तुम्ही कुठले?’ असं विचारत नाही.

[पहाट. सिंहगड, आतकरवाडीची पायवाट. बॅटऱ्यांची रांग]

रविवारचा सिंहगड. आतकरवाडीतून माथ्यापर्यंत सुमारे ६०० मीटरचा खडा चढ. हे काका गेली कित्येक वर्षं दर रविवारी येतात. आज आमच्यासाठी त्यांनी दोन्ही हातांत दोन कंपन्यांची घड्याळं बांधलीयत. उजव्या हातातलं मुलीनं वाढदिवसाला दिलेलं.

इथं घड्याळाशिवायही एक हिशेब करता येतो, शाळेतल्या भौतिकशास्त्राचा. काकांचं वजन ७० किलो. सत्तर किलो ६०० मीटर वर उचलायला सुमारे ९८ कॅलरी लागतात. पण चढताना स्नायू खर्चाचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होते. काकांचा भिजलेला शर्ट बघा. म्हणजे नुसत्या चढाचे चारशे ते पाचशे.

पाठीमागून या मावशी आल्या. डोक्यावर दह्याची मडकी. गाडीरस्ता झाल्यापासून बराचसा माल गाडीनं वर जातो, तरी काहीजणी अजून पायवाटच धरतात. मावशींनी हसत हसत आमचं एक घड्याळ बांधून घेतलं, तेही नेमकं मडकं धरलेल्या हातात. हा हात हलतच नाही. पाय चाललेत, डोक्यावर ओझं आहे, आणि घड्याळाच्या हालचाल-सेन्सरच्या मते या बाई जवळजवळ उभ्या आहेत. पावलांचा आकडा बघा. ओझ्याचा तर त्याला पत्ताच नाही. जिममध्ये ट्रेडमिलचा दांडा धरून चालणाऱ्यांची हीच गत. वजनं उचलणाऱ्यांचीही.

मावशींनी वळणावर घड्याळ परत केलं. म्हणाल्या, “टोचतंय.”

काका माथ्यावर पोहोचले. दोन मनगटं, दोन आकडे. पडद्यावर दिसतायत, आम्ही वाचून दाखवत नाही.

आकडा सगळाच टाकाऊ, असं नाही. तोच माणूस, तेच घड्याळ, तीच वाट, आणि ॲपमध्ये वजन आजचं टाकलेलं असेल, तर या रविवारची मागच्या रविवारशी तुलना बऱ्यापैकी जमते. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बांधला, तर नाडी नीट मिळते. कॅलरीच्या आकड्याच्या भरवशावर इन्सुलिनचा डोस किंवा दिवसाचं जेवण ठरवणं मात्र धोक्याचं.

[झोपडी. चुलीवर कढई, कांदाभजी तेलात सुटतायत]

एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. ॲटवॉटरच्या नऊनं गुणलं की जवळपास सव्वाशे कॅलरी. एका प्लेटीतली भजी किती तेल पितात, ते कढईलाच ठाऊक. सोबत पिठलं-भाकरी आहे, मडक्यातलं दही आहे.

काकांचं म्हणणं, डाव्या घड्याळाप्रमाणे दुसरी प्लेट सहज बसते. काकूंनी उजवं मनगट पुढं ओढलं आणि सरळ नाही म्हणाल्या. पुढचं संभाषण आम्ही कुठंही न कापता ठेवलंय. आवाज थोडा वाढवा, मागे कढई बोलतेय.

[निवेदन समाप्त. मूळ आवाज सुरू.]