पाळी बदलताना

नमस्कार श्रोतेहो.

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी बावीस वर्षं सुपरवायझर होतो. सकाळी सातला पाळी बदलायची. रात्रीचा ऑपरेटर कॉटन वेस्टला हात पुसत मशिनपासून बाजूला व्हायचा, सकाळचा डबा ठेवून यायचा, आणि मधल्या दहा मिनिटांत जे बोलणं व्हायचं त्यावर पुढचे आठ तास चालायचे. त्याच दहा मिनिटांत मी एकदा माती खाल्ली, आणि माणूस बघून बोलायचं कसं ते तिथूनच शिकत गेलो.

जॉबमध्ये, म्हणजे मशिनवर कापायच्या तुकड्यात, 40 मिलिमीटरचा बोअर होता, म्हणजे गोल भोक. ड्रॉइंगवर एच-सेव्हन. म्हणजे वर 25 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालेल, खाली शून्य. टूल झिजलं की बोअर लहान यायला लागतो, मग ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे टूल तेवढं सरकवून घेतो. त्या रात्री ऑफसेट जास्त पडला आणि अकरा जॉब मोठ्या बोअरचे निघाले. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झाला की जॉब भंगारात. मी त्या पोराला तिथेच, सगळ्यांदेखत झापलं.

शेजारच्या मशिनवरच्या गड्यालाही मी असाच झापायचो. तो "अहो साहेब, आधी ऐका तर" म्हणत माझ्यावरच चढायचा, आणि पाच मिनिटांनी आम्ही दोघं चहाला जायचो. हा बोअरवाला पोरगा मात्र मान खाली घालून गप्प उभा राहिला. मला वाटलं, समजलं त्याला. तीन आठवड्यांनी त्याच्याच मशिनच्या स्पिंडलचं, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, बेअरिंग गेलं. आवाज त्याला आठ दिवसांपासून येत होता. सांगितलं का नाहीस, तर म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत."

पुढे आम्हाला ट्रेनिंगला पाठवलं. माणसांचे चार प्रकार, चार रंग: लाल, पिवळा, हिरवा, निळा. या चार खणांचं मूळ विल्यम मार्स्टन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या 1928 सालच्या पुस्तकात आहे. (वंडर वुमन हे चित्रकथेतलं पात्र उभं करणारा तो हाच!) गंमत म्हणजे मार्स्टननं स्वतः अशी चाचणी काढलीच नव्हती, ती नंतरच्यांनी बेतली. सोळा प्रकारांची एक चाचणी आहे, तीही कंपन्यांत फार चालते. पण काही आठवड्यांनी तीच पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. आपल्याकडे व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात. ते मला जास्त पटतं, कारण त्यात आकडा चारावर थांबत नाही.

रंगांचा तोटाही लगेच दिसला. दुसऱ्याच दिवशी आमच्यातला एक जण स्टोअरवाल्यावर खेकसला आणि वर म्हणाला, "मी लाल आहे, मी असाच बोलणार!" आता काय बोलायचं?

मी रंग सोडले आणि एकच बघायला लागलो: काम सांगितल्यावर माणूस पहिला प्रश्न कुठला विचारतो. एकाचा प्रश्न असायचा, "किती वाजेपर्यंत?" त्याला वेळ आणि नग सांगायचे आणि निघायचं, कारणं ऐकवली की तो घड्याळ बघतो. आमच्या क्वालिटीतल्या बाईंचं याच्या उलट. "मॅडम, बोअर जरा टाइट येतोय" म्हटलं की त्या म्हणायच्या, "जरा म्हणजे किती? कितव्या जॉबपासून? कुठल्या गेजनं बघितलं?" मला राग यायचा, उलटतपासणी घेतल्यासारखं वाटायचं. मग मी जाण्याआधी चिठ्ठीवर जॉबचे नंबर आणि मापं लिहून न्यायला लागलो. बाई चिठ्ठी बघायच्या, मान डोलवायच्या, दोन मिनिटांत निर्णय. त्यांना माझ्यावर संशय नव्हताच, मीच मोघम बोलत होतो.

वयानं मोठ्या फिटर मामांना मात्र सांगायचं नाही, विचारायचं. "मामा, हे तुम्ही कसं बसवाल?"

आणि एक. माणूस बघून बोलायचं ते वरच्यानं. खालचा माणूस ते करतच असतो. साहेबाचा मूड बघून रजेचा अर्ज कधी पुढे करायचा हे कंत्राटी पोराला पहिल्या महिन्यात कळतं. आणि मशिनचा गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, उघडा ठेवून काम करायचं नाही, हे लाल असो की निळा, सगळ्यांना एकाच आवाजात.

त्या गप्प पोराचं सांगायचं राहिलं. "काही प्रॉब्लेम?" असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं, "नाही." म्हणून मी शेजारी उभा राहायचो, हातात एखादा जॉब घ्यायचो आणि जॉबकडे बघतच विचारायचो, "रात्री आवाज कसा होता हिचा?" मग थांबायचं. ते थांबणं मला फार जड जायचं, कारण मी बडबड्या. कधी कधी अर्धा मिनिट काहीच नाही. मग तो बोलायचा.

चार-पाच महिने असे गेले असतील. एका सकाळी मी गेटवर स्कूटर लावत होतो. पाळी संपायला अजून पाच मिनिटं होती, आणि तो बाहेर येऊन उभा.

"साहेब, कुलंटचा पंप," म्हणाला. "बघता का?"