वस्तीवरची बंदूक

(दृश्य : उत्तर सोलापूर तालुका. रात्र. रानातल्या वस्तीवर जळणारा एक दिवा.)

सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी गावठाणातच राहतो असे नाही. जिथे विहीर, गोठा आणि द्राक्षाची बाग आहे तिथेच, गावापासून दूर रानात, त्याची वस्ती असते, आणि शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर असेल याची खात्री देता येत नाही. अशा वस्तीवर रात्री दरोडा पडला, तर दारावर पहिला घाव बसल्यापासून पोलिसांची गाडी कच्च्या रस्त्याने तिथवर पोचेपर्यंतचा वेळ त्या कुटुंबाला एकट्यानेच काढावा लागतो. स्वसंरक्षणासाठी सामान्य माणसाला बंदूक बाळगू द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे याच मधल्या वेळेतून उभा राहतो. तो अमेरिकेतल्या बातम्यांवरून उसना आणण्याची गरज नाही.

आधी कायदा काय देतो ते पाहू, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. 'आपल्याकडे चोराला हात लावला तरी आपल्यावरच गुन्हा दाखल होतो,' हे वाक्य पारावर हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात स्वतःचा, दुसऱ्याचा आणि मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क भारतीय कायद्याने हात राखून दिलेला नाही. पूर्वी हा हक्क भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोचतो. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतरची घरफोडी यांच्या बाबतीतही तो तिथवर पोचू शकतो. जीव धोक्यात असलेल्या माणसाने प्रत्येक घाव सोन्याच्या तराजूत तोलून घालावा अशी अपेक्षा धरता येत नाही, हे न्यायालयांनी अनेक निकालांत सांगितले आहे. मर्यादा दोन आहेत : बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. वस्तीवरच्या कुटुंबाला तो अवधी नसतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे बचावाचा हक्क आहे. प्रश्न साधनाचा आहे. आपल्या कायद्याने हक्क सर्वांना दिला आणि साधन मात्र परवान्याच्या कुलपात ठेवले, आणि हे नजरचुकीने नव्हे, विचारपूर्वक केले.

(दृश्य : सोलापूरचे जिल्हाधिकारी कार्यालय. अर्ज घेऊन उभे असलेले लोक.)

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुक बाळगणे हा गुन्हा आहे. सोलापूर शहरात राहणाऱ्याने परवान्यासाठी पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात राहणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या अर्जाबरोबर शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र आणि शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. मग जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. कायद्याच्या कलम १३ मध्ये एक फरक केलेला आहे, तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, यांच्याकडे कायदा तुलनेने उदारपणे पाहतो. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांच्यासाठी मात्र आपल्या जिवाला खरोखरच धोका आहे हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. यामागचा तर्क सरळ आहे. लांब नळीची बंदूक घर राखते, ती शर्टाखाली लपवून बाजारात नेता येत नाही.

पिकाच्या राखणीची बंदूक हा तर आपल्या जिल्ह्यात एक निराळाच विषय आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. माळढोक आता दिसेनासा झाला आहे, पण काळवीट भरपूर आहेत आणि ज्वारीच्या ताटांवर त्यांचा पहिला हक्क असल्यासारखे ते वागतात. काळवीट वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे शेतकऱ्याने परवान्याची बंदूक घेतली तरी तिने आवाज करण्यापलीकडे काही करता येणार नाही. तेवढ्यासाठी फटाके पुरतात.

(दृश्य : लग्नाची वरात. हवेत उंचावलेला हात.)

परवाना प्रत्यक्षात कुणाच्या हाती दिसतो, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. गुळगुळीत पट्ट्याला रिव्हॉल्व्हर अडकवून सत्काराला येणारा ठेकेदार सोलापुरात कुणी पाहिला नाही असे होणार नाही. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभा असलेला निवृत्त सैनिक हा दुसऱ्या प्रकारचा परवानाधारक; त्याची बंदूक हे त्याच्या भाकरीचे साधन आहे. रानातल्या वस्तीवर सासू-सुनांनी राखलेल्या घरात मात्र बंदूक क्वचितच आढळते. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ साली खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. रात्रपाळी करून एकटी घरी जाणारी कामगार स्त्री डोळ्यांसमोर ठेवून ही किंमत ठरवली असेल, असे मानणे कठीण आहे. धोका ज्याला अधिक त्याला शस्त्र, असे सूत्र कागदावर असले, तरी व्यवहारात ज्याची पत अधिक त्याचा धोका सरकारला लवकर पटतो, अशी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि समारंभात बेफिकिरीने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. अशी तरतूद करावी लागली, यावरूनच काही परवान्यांचा उपयोग कशासाठी होत होता ते कळते.

(दृश्य : चार हुतात्मा पुतळा, सोलापूर.)

बंदुकीवरच्या सरकारी कुलपाविषयीचा संशय आपल्याकडे जुना आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. १८७८ चा शस्त्र कायदा ब्रिटिशांनी १८५७ च्या अनुभवानंतर केला. त्याचा बडगा भारतीयांवर होता, युरोपियनांना सूट होती. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि शहरावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. त्याच वर्षी मार्च महिन्यात कराची येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही नोंदवलेला होता.

मग तो घटनेत का आला नाही? संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. काँग्रेसने ही मागणी केली तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, परक्या सत्तेने प्रजेला निःशस्त्र केले होते. स्वतंत्र देशात प्रत्येकाने बाजारात जावे आणि हवे ते शस्त्र विकत घ्यावे, अशा अवस्थेत राज्यकारभार कसा चालेल याची कल्पनाच आपल्याला करता येत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. संविधानाच्या अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले तेही शांततेने आणि विनाशस्त्र. अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती १७९१ सालची. ती शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा हक्क मानते, आपण शस्त्र बाळगणे ही सरकारने दिलेली सवलत मानतो. दोन देशांच्या वादाची सुरुवातच दोन वेगळ्या टोकांवरून होते, हे विसरले की आपल्याकडची चर्चा भरकटते.

परवाने सढळ हाताने द्यावेत असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की, गुन्हेगार परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही. हे खरे आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ सालच्या अंदाजानुसार भारतात नागरिकांच्या हाती सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका होत्या, आणि त्यांतल्या परवान्याच्या केवळ ९७ लाख. पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत 'गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसे' हे शब्द नित्याचे झाले आहेत, आणि महाराष्ट्रात सापडणाऱ्या कट्ट्यांचा माग अनेकदा मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील, असे कट्टे बनवणाऱ्या उमर्टी गावापर्यंत जातो. परवाने आवळून तो कारखाना बंद पडणार नाही. पण परवाने सैल केल्यानेही तो बंद पडणार नाही, आणि या मुद्द्याचा हा दुसरा भाग सोयीस्करपणे गाळला जातो.

बंदुकीमुळे खरोखर किती जण वाचतात? अमेरिकेत यावर तीस वर्षे वाद चालू आहे. गॅरी क्लेक आणि मार्क गेर्ट्झ यांनी १९९५ मध्ये दूरध्वनीवरून केलेल्या पाहणीच्या आधारे, स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा वापर वर्षाला सुमारे २५ लाख वेळा होतो असे म्हटले; तिथल्या सरकारी पाहणीतून निघणारा आकडा एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. ज्या मोजणीत एवढी तफावत आहे तिच्यावर धोरण उभे करणे अवघड. एका गोष्टीबाबत मात्र पुरावा बराच ठाम आहे : घरात बंदूक असली की त्या घरातल्या आत्महत्येचा धोका वाढतो, आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. नापिकी आणि कर्ज यांनी पिचलेल्या आपल्या घरांच्या संदर्भात हे वाक्य पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहे.

(दृश्य : मंगळवेढा तालुका. माळरानावरची पालं.)

तरीही, आमच्या मते या वादाचा निर्णय आकडेवारीपेक्षा एका घटनेकडे पाहून अधिक नीट करता येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकी करीत फिरणारे लोक होते, आणि त्यांपैकी बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. मारणाऱ्यांना वाटत होते की आपण आपल्या लेकरांचे रक्षण करत आहोत. भीती मनापासूनची होती, पण तिला आधार काहीच नव्हता, आणि तिथे बंदूक नव्हती. ती असती तर काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा. पण कायदा स्वसंरक्षणासाठी 'वाजवी' भीतीची अट का घालतो, याचे उत्तर इथे आहे. अनोळखी माणूस हा धोकाच आहे असे ठरवण्याची घाई आपल्या समाजात सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती भटक्यांच्या, पालावर राहणाऱ्यांच्या, परगावाहून कामाला आलेल्यांच्या वाट्याला अधिक येते. शस्त्र ज्याच्या हाती आहे त्याच्याइतकेच ते कुणाच्या दिशेने रोखले जाईल, याचाही हिशेब धोरणाने मांडायला हवा.

वस्तीवरच्या दरोड्यात तरी बंदूक कामी येईल का, याचेही उत्तर सरळ नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की, चाकू घेतलेला माणूस सुमारे एकवीस फुटांचे अंतर दीड सेकंदात कापतो, म्हणजे प्रशिक्षित पोलिसाला कमरेचे पिस्तूल काढून नेम धरायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढ्याच वेळात. इथे तर बंदूक नियमाप्रमाणे कुलपात आहे, काडतुसे निराळ्या जागी आहेत, आणि माणूस झोपेतून उठला आहे. कुत्रे भुंकल्यामुळे आधी जाग आली, दार मजबूत असले आणि हाताला सराव असला, तर बारा बोअरचा एक बार टोळीला पळवून लावू शकतो, हे आम्ही नाकारत नाही. पण या वाक्यातल्या अटींपैकी कुत्रे आणि दार या गोष्टींना परवाना लागत नाही.

नागरिकाकडून बंदूक काढून घेणाऱ्या राज्यावर याच्या बदल्यात एक देणे चढते, आणि परवान्यांच्या कडक धोरणाचे समर्थन करताना आम्हाला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ११२ क्रमांकावर फोन केल्यानंतर वस्तीवर गाडी किती वेळात पोचते, रात्रीची गस्त कोणत्या रस्त्यापर्यंत जाते, शिवारातल्या डीपीवर दिवा आहे की नाही, हे प्रश्न शस्त्र परवान्याच्या धोरणाचाच भाग आहेत. निवडणूक आली की परवानाधारकांची शस्त्रे जमा करून घेण्याची तत्परता यंत्रणा दाखवते. तेवढीच तत्परता अर्ज निकाली काढताना दिसायला हवी. परवाना नाकारायचा असेल तर त्याची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागणाऱ्या अर्जदाराला ती दिली पाहिजेत, असे शस्त्र अधिनियमाचे कलम १४ सांगते. त्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळला असेल तर ते पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जाते, आणि रानातल्या माणसाला त्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे मोजावे लागते.