ओल्या देशातलं वाळवण

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालून जिने आभाळाकडे बघत दुपार काढली असेल, तिला आजची गोष्ट चटकन कळेल. वाळवण मात्र वेगळं आहे. ते तळायचं नाही, जाळायचं आहे. आणि घालायचंय कुठे, तर आयर्लंडच्या पश्चिमेकडे, जिथे काही भागांत वर्षातले सव्वादोनशे दिवस पावसाचे असतात!

मी दोन वर्षं रॉसकॉमन परगण्यात राहिले. घरमालकीण पंच्याहत्तरी उलटलेली. मी तिला आजीच म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. पहिल्या संध्याकाळी तिच्या भिंतीतल्या चुलीत काळपट विटांसारखं काहीतरी जळताना दिसलं. धुराचा वास लाकडाचा नाही, दगडी कोळशाचाही नाही. ओल्या मातीला धुरी दिली तर येईल, तसा काहीसा. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "टर्फ. आमची जमीनच जाळतोय म्हण."

ती थट्टा करत नव्हती. आयर्लंडात दलदलीला बॉग म्हणतात. शब्द मूळ आयरिश भाषेतला, अर्थ मऊ. त्यावरून चालताना पायाखालची जमीन खरवसासारखी थरथरते. स्फॅग्नम नावाचं शेवाळ तिथे वाढतं, मरतं, पण पुरतं कुजत नाही, कारण पाण्याखाली हवा पोचत नाही आणि ते पाणी आंबट असतं. न कुजलेला हा थर वर्षाला साधारण 1 मिलिमीटर चढतो. हजारो वर्षांत त्याची जाडी कित्येक फूट होते. तो कापून, वाळवून जाळतात.

कापायचं हत्यार म्हणजे स्लेन. अरुंद पात्याचं फावडं, पण एका बाजूला काटकोनात आणखी एक पातं, म्हणजे एका दाबात वडी दोन बाजूंनी सुटते. आजीच्या शेडमध्ये तिच्या वडिलांचा स्लेन टांगलेला होता. तिने एकदा मला करून दाखवलं. वरचं गवताचं साल आधी काढलं, मग पात्यावर पाय दाबला. फूटभर लांबीची ओली, काळी, चकचकीत वडी निघाली. मी मनात हिशोब केला. वर्षाला एक मिलिमीटर, म्हणजे पायाच्या एका दाबात तीनशे वर्षं.

अशा कापणीत माणसांना कायकाय सापडलंय! लाकडी भांड्यांत भरून पुरलेलं लोणी तर कितीतरी वेळा. त्यातलं काही हजारो वर्षांचं, मेणासारखं झालेलं. डब्लिनच्या संग्रहालयात ते ठेवलंय. लोणी कुणी पुरलं, थंडाव्यासाठी की देवाला म्हणून, यावर विद्वानांचा वाद आहे. आजीचं मत ठाम होतं, "सुनेपासून लपवलं असेल."

पण श्रोतेहो, कापणं हे खरं काम नव्हेच. त्या ओल्या वडीत दहातले नऊ भाग पाणी असतं. ते घालवणं हे काम. आधी वड्या जमिनीवर पसरून ठेवायच्या. वर साय धरली की त्या उभ्या करायच्या. पाच-सहा वड्या एकमेकींच्या आधाराने, डोक्याला डोकं लावून, वर एक आडवी. मधून वारा खेळला पाहिजे. याला फुटिंग म्हणतात. आता कापणी यंत्राने होते, पण फुटिंग अजून बऱ्याच ठिकाणी हातानेच चालतं. मी मे महिन्यात एक दिवस केलं. तासाभरात कंबर गेली. वारा पडला की चिलटं अशी तुटून पडतात की जो तो स्वतःलाच थापडा मारत असतो. मी रचलेल्या ढिगांपैकी निम्मे आजीने मुकाट्याने पुन्हा रचले. मग दोन विटा एकमेकींवर आपटून म्हणाली, "ऐक. धप्प वाजतं ना? अजून ओली."

पूर्वी हे सगळं मेहल करून व्हायचं. मेहल म्हणजे आपलं इर्जिकच. आज सगळं गाव याच्या बॉगवर, उद्या त्याच्या, पैसे नाहीत, जेवण मात्र घरचं. आजी सांगायची, उघड्यावर उकळलेल्या त्या चहासारखा चहा पुन्हा कधी मिळाला नाही. मग गाढवांच्या पाठीवरच्या टोपल्यांतून टर्फ घरी यायचं आणि भिंतीलगत गंजी रचली जायची. शाळेत जाताना प्रत्येक पोराच्या काखेत एक वीट, वर्गातल्या शेगडीसाठी. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकर घालून पुन्हा फुलवायचे. आगपेटी लागायचीच नाही म्हणे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचा कोळसा मिळेनासा झाला तेव्हा सरकारने डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना टर्फच्या लांबच लांब गंज्या लावल्या. लोक तक्रार करत, हे पेटतच नाही! कसं पेटेल? वाळवणाला सरकारी हुकूम कळत नाही. पुढे 1946 मध्ये बोर्ड ना मोना ही सरकारी कंपनी निघाली. चर खणून तिने प्रचंड बॉग कोरडे केले, टर्फवर वीजघरं चालली.

आता चक्र उलटं फिरलंय. कोरडा झालेला बॉग साठवलेला कार्बन हवेत सोडतो. शॅननब्रिज आणि लेन्सबरोची टर्फवरची वीजघरं 2020 अखेर बंद झाली. 2022 पासून दुकानांत आणि ऑनलाइन टर्फ विकता येत नाही. हक्काच्या बॉगमधून घरापुरतं कापायला मात्र मुभा आहे. आणि तीच सरकारी कंपनी आता स्वतःच खणलेले चर बुजवून बॉगमध्ये पाणी पुन्हा साठवते. मला ते पटतं. आजीला पटत नव्हतं, निदान तिच्या चुलीपुरतं तरी. "आमच्या भावांना पाणी काढायचा पगार मिळाला," ती म्हणाली, "आता पुतण्याला पाणी कोंडायचा मिळतो."

मी परत निघाले तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. ट्रॉली घरी आली होती, गंजी अर्धी रचून झाली होती. आजीने ढिगातून दोन विटा उचलल्या, माझ्या कानाशी आणून एकमेकींवर आपटल्या. टक्क. लाकडासारखा आवाज.

"ही तू रचलेली," म्हणाली. मला खात्री आहे, खोटं बोलत होती.