जिन्यात सेन्सर लावावा का?

[दृश्य: परभणी. तळमजला धरून चार मजल्यांची इमारत. जिना, रात्रीचे साडेअकरा.]

अशा जिन्यात पूर्वी चोकवाल्या ट्यूब असायच्या, मजल्याला एक. चोकसकट प्रत्येकी साधारण 52 वॅट. रात्रीचे 12 तास जळल्या तर चार ट्यूबचे वर्षाला 911 युनिट. त्याजागी 9 वॅटचे एलईडी बल्ब आले की हाच आकडा 158 वर येतो. खरी बचत इथंच झाली. हालचाल दिसली की दिवा लावणाऱ्या सेन्सरच्या वाट्याला उरतात ते हे 158.

आता प्रत्येक मजल्यावर एक सेन्सर. ये-जा धरून बल्ब रोज 2 तास लागला, तर चारांचे मिळून वर्षाला 26 युनिट. पण सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. अर्ध्या वॅटचा धरला तरी चार सेन्सर साडेसतरा युनिट खातात. वाचले 114. युनिटला 10 रुपये धरले तर 1140 रुपये. सेन्सर 450 ला एक आणि वायरमनचे 800, असा 2600 चा खर्च निघायला सव्वादोन वर्षं लागतात. महावितरणच्या बिलातला स्थिर आकार या हिशेबात घेऊ नका, दिवे बंद असले तरी तो येणारच.

[दृश्य: भर दुपारी जिन्यात जळणारा बल्ब.]

बऱ्याच सोसायट्यांचं दुखणं वेगळंच असतं. सकाळी बटण बंद करायचं कुणी? मग दिवे दिवसभर जळतात आणि 158 चे 315 होतात. यावर चारही दिव्यांना मिळून एक फोटोसेल, म्हणजे उजाडलं की दिवे आपोआप बंद करणारा सेन्सर, पुरतो. आधी तो लावावा, हालचालीच्या म्हणजे मोशन सेन्सरचा विचार नंतर.

[दृश्य: मे महिना. पश्चिमेची भिंत, हात लावला तर चटका.]

स्वस्त मोशन सेन्सर पीआयआर जातीचे, म्हणजे उष्णता ओळखणारे. माणसाचं अंग आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक त्यांना दिसतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात संध्याकाळी भिंतच अंगाइतकी तापलेली असते. फरक उरत नाही, पल्ला घटतो, आणि माणूस अर्ध्या जिन्यात आला तरी दिवा लागत नाही. सेन्सर बिघडला म्हणून तो बदलून घेण्यात अर्थ नाही, तापलेल्या भिंतीकडं पाहणारं त्याचं तोंड फिरवा. लहरी सोडून हालचाल ओळखणाऱ्या मायक्रोवेव्ह सेन्सरला उष्णतेचं वावडं नाही, पण त्याला लाकडी दारापलीकडची हालचालही दिसते. घरात कुणी उठलं तरी जिन्यात उजेड!

सेन्सरसमोरून आडवा जाणारा माणूस पीआयआरला चटकन कळतो, सरळ अंगावर येणारा उशिरा. म्हणून तो जिन्याच्या तोंडासमोर न लावता बाजूच्या भिंतीवर, दोन-अडीच मीटर उंचीवर लावावा. त्याच्या नजरेत बल्ब येऊ देऊ नका, नाहीतर दिवा लागणं-विझणं सुरूच राहतं. पावसाळ्यात दिव्याच्या किड्यांमागं पाल येते. ती सेन्सरच्या भिंगावरून गेली तरी दिवा लागतो.

[दृश्य: उघडा स्विचबोर्ड, वायरमनचा हात, टेस्टर.]

तीन वायरच्या सेन्सरला फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडं जाणारी वायर लागते. जुन्या बोर्डात न्यूट्रल बहुतेक नसतोच, तो होल्डरपाशी मिळतो, म्हणून सेन्सर तिथंच बसवणं सोपं. न्यूट्रल टाळायला दोन वायरचा घेतला, तर बंद असतानाही एलईडी मिणमिणतो. काम सुरू करण्याआधी मेन स्विच पाडायचा, आणि टेस्टरनं खात्री करूनच हात घालायचा.

दिवा किती वेळ जळायचा ते ठरवणारा सेन्सरवरचा वेळेचा स्क्रू दीड-दोन मिनिटांवर ठेवा. तीस सेकंदांवर ठेवलात तर गुडघे दुखणारी आजी मधल्या पायऱ्यांवर अंधारात अडकते, आणि त्या दोन-चार युनिटांसाठी ते परवडणारं नाही. किती अंधार झाल्यावर दिवा लागू द्यायचा ते ठरवणारा उजेडाचा स्क्रू दिवस मावळल्यावरच लावा, दुपारी अंदाज चुकतो.

जिना साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर असेल तर स्वस्त सेन्सर तापतात. तिथं एक दिवा सरळ बटणावर राहू द्या. गच्चीचा जिना, मीटरची खोली, मागचं पार्किंग, इथं मात्र सेन्सर लावाच. तासन्‌तास कुणी फिरकत नाही, आणि पार्किंगमधल्या 20 वॅटच्या सहा पट्ट्या एकाच सेन्सरवर चालतात. फक्त खोक्यावरचा एलईडीसाठीचा वॅटचा आकडा वाचा. तो साध्या बल्बच्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो, आणि ओलांडला तर रिलेचे, म्हणजे सेन्सरच्या आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटून दिवे कायमचे चालू राहतात.