सत्तरीनंतरची बीसीजी

(दृश्य: बारीक नळीतून मूत्राशयात उतरणारं, किंचित गढूळ द्रावण)

या द्रावणात जिवंत जंतू आहेत. क्षयापासून बचावासाठी बाळांना टोचतात ती बीसीजीच, फक्त जंतूंची संख्या कितीतरी जास्त. 1976 साली कॅनडातल्या डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी मूत्राशयाचा कर्करोग असलेल्या नऊ रुग्णांच्या मूत्राशयात ती सोडून पाहिली. आठवड्याला एक, असे सहा डोस. सहाच का? तर लस सहाच्या पाकिटात यायची म्हणून! आजही पहिली फेरी सहा आठवड्यांचीच असते.

मूत्राशयाचा कर्करोग हा मुळात उतारवयातला आजार. निदान होतं तेव्हा साधारण तीन चतुर्थांश रुग्णांमध्ये गाठ स्नायूत शिरलेली नसते. दुर्बिणीतून ती खरवडून काढतात. पुन्हा उगवण्याचा किंवा खोल जाण्याचा धोका मोठा असेल, तर बीसीजी.

पण बीसीजी एकटी लढत नाही, ती चिथावते. जंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात, तिथे दाह उठतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मागोमाग टी पेशी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारू शकणाऱ्या खास पांढऱ्या पेशी. खरं काम रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचं.

(दृश्य: छातीच्या पोकळीतला थायमस, वयानुसार आक्रसत जाताना)

आणि ती शक्तीही म्हातारी होते. टी पेशी जिथे घडतात तो थायमस वाढत्या वयाबरोबर आक्रसतो. नव्या टी पेशी कमी पडतात, आणि दुसरीकडे अंगात मंद दाह कायम धुमसत राहतो.

मग औषध लागू पडतं का? 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बीसीजीसोबत इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध दिलं होतं. साधारण दोन वर्षांनी 61 ते 70 वयाच्या रुग्णांपैकी 61 टक्के कर्करोगमुक्त होते. ऐंशीच्या पुढचे, 39 टक्के.

आकडा बोलका आहे, पण सगळा दोष थायमसच्या माथी मारणं घाईचं ठरेल. द्रावण दोन तास धरून ठेवायचं असतं. प्रोस्टेट वाढलेला, लघवीची घाई होणारी, त्यात हृदयविकार किंवा मधुमेह, अशा माणसाला ते जड जातं. पहिल्या फेरीनंतर वर्ष ते तीन वर्षं अधूनमधून डोस घ्यावे लागतात. जळजळ, ताप, वारंवार लघवी, यांना कंटाळून ते मध्येच सुटतात. आणि कधी कधी वय बघून डॉक्टरच हात आखडता घेतात, हेही खरं.

युरोपातल्या एका चाचणीत सत्तरीपुढच्यांचा आजार लवकर पुढे सरकलेला दिसला. तरीही त्यांच्यातसुद्धा एपिरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधापेक्षा बीसीजीच सरस ठरली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात कामाचा निष्कर्ष हाच. तरुणांपेक्षा कमी फायदा होणं वेगळं, आणि फायदाच न होणं वेगळं. युरोपीय मार्गदर्शक सूचनांत सत्तरीपुढचं वय धोक्याच्या घटकांत मोजलं जातं, तेही उपचार नाकारण्यासाठी नव्हे, तर धोका नीट ओळखण्यासाठी.

बीसीजी निष्फळ ठरली, तर मूत्राशय काढणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ही मोठी शस्त्रक्रिया सगळ्यांना झेपत नाही, काहींना ती नकोच असते. 2020 मध्ये अमेरिकेत अशा काही रुग्णांसाठी पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात, आणि तेही टी पेशींनाच कामाला लावतं.