रात्री दिसलेला प्रकाश आणि सकाळी सापडलेला तुकडा

नमस्कार. रात्री आकाशात आगीची रेघ दिसते, सकाळी सिन्नर किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या शेतात काळा, जड, अनोळखी तुकडा सापडतो आणि दुपारपर्यंत तो परग्रहावरचा धातू म्हणून मोबाइलवर फिरू लागतो. वास्तविक येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत: रेघ कशाची होती आणि तुकडा कशाचा आहे. त्यांचा परस्परसंबंध गृहीत धरून चालत नाही, तो सिद्ध करावा लागतो.

असा संबंध जुळल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील अनेकांनी जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे सुमारे ३ मीटर व्यासाचे कडे आणि परिसरात काही गोळे सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या एका चिनी रॉकेटचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता, त्यामुळे हे अवशेष त्याचेच असावेत, असे जाणकारांनी सांगितले.

नाशिकमध्ये मात्र पहिलीच चाचणी फसवते. चुंबक ओढला गेला की उल्का, असे सर्रास म्हटले जाते. पण आपल्या पायाखालच्या काळ्या बेसाल्ट खडकातच मॅग्नेटाइट हे चुंबकाला ओढणारे लोहखनिज असते. दोऱ्याला टांगलेले छोटे चुंबक त्याच्या जवळ नेले, तरी ते किंचित झुकते. शिवाय सातपूर, अंबड असा औद्योगिक पट्टा जवळ असताना भट्टीतली मळी, म्हणजे धातू वितळवताना उरणारा दगडासारखा टाकाऊ भाग, रस्त्याच्या भरावात किंवा बांधावर सापडणे यात नवल ते काय? मळी फोडली तर आत बुडबुड्यांची भोके दिसतात. उल्केत अशी भोके सहसा नसतात. तिच्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे वितळलेले काळे कवच असते आणि बहुतेक उल्कांच्या कापलेल्या बाजूवर लोह-निकेलचे चमकदार कण दिसतात.

तुकडा धातूचा असेल, तर क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात. परंतु मिश्रण चमत्कारिक आहे, एवढ्यावरून तो परका ठरत नाही. अमेरिकेतील रॉसवेल येथे १९४७ मध्ये परग्रहावरचे यान कोसळल्याच्या दाव्याशी जोडल्या गेलेल्या, मॅग्नेशियम आणि बिस्मथचे थर असलेल्या एका तुकड्याचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने त्याच्यातील समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण मोजले. ते पृथ्वीवरच्या पदार्थांशी जुळले आणि तो इथेच घडवलेला मिश्रधातू असल्याचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तुकडा मुळात कुठून, कुणाच्या हातून आला, हे मात्र कोणत्याही यंत्राला सांगता आले नाही. माझ्या मते अशा बहुतेक दाव्यांची खरी लंगडी बाजू हीच असते.

म्हणून काही सापडल्यास ते उचलण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, जागा व वेळ लिहून ठेवावी. तुकडा धुऊ नये आणि त्यावर चुंबक घासू नये, कारण उल्केतील मूळ चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते. गोळा किंवा टाकी दिसली, तर हातही न लावता पोलिसांना कळवावे, कारण त्यात विषारी इंधन उरलेले असू शकते. उल्केची शंका असल्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे आणि त्यात दिरंगाई करू नये. अवकाशातील किरणांमुळे उल्केत तयार झालेली काही किरणोत्सारी समस्थानिके थोड्याच दिवसांत निम्मी होतात आणि ती ताजी असतानाच मोजावी लागतात.