पाडायचं की ठेवायचं?

नमस्कार मंडळी! पडकी बिल्डिंग दिसली की आपलं मत तयारच असतं, पाडून टाका एकदाची. आज जरा उलटं बोलूया.

पहिली गोष्ट, इमारती नुसत्या वयाने पडत नाहीत हो, बहुतेक वेळा पाणी पाडतं त्यांना. छपराचा एक पत्रा सरकतो, पन्हळ तुंबते, कुणी बघत नाही, पाणी भिंतीत मुरत राहतं आणि लाकडी तुळईचं जे टोक भिंतीत असतं नेमकं तेच आधी कुजतं. काँक्रीट असेल तर आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते, ते पोपडे पडतात ना, तेच. यावर लोक काय करतात, तर वरून सिमेंटचा गिलावा मारतात! चुन्यात बांधलेली जुनी विटांची भिंत ओल बाहेर सोडत असते, तिला सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते, म्हणजे औषधानेच पेशंट गेला. त्यामुळे आधी पाणी थांबवा, सांगाडा तपासा, रंगबिंग नंतर.

आता सांगाडा ठणठणीत निघाला तर काय करायचं? लंडनचं एक वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडलं, २००० मध्ये तिथे टेट मॉडर्न म्युझियम उघडलं. टर्बाइनचा तो अवाढव्य हॉल, १५२ मीटर लांब आणि ३५ मीटर उंच, मशीन काढून तसाच मोकळा ठेवला, आणि लोक खास तो रिकामेपणाच बघायला येतात. केप टाउनला तर धान्याचं कोठार होतं, काँक्रीटच्या उभ्या नळकांड्यांचं. तिथे आधी नळकांड्यांना आतून नव्या काँक्रीटचं अस्तर दिलं आणि मग मक्याच्या दाण्याच्या आकाराची मोठ्ठी पोकळी कापून काढली, २०१७ मध्ये तेही म्युझियम झालं. भारी आहे, पण सगळीकडे म्युझियमच का, हा प्रश्न मला पडतोच.

म्हणून मला आवडतं ते ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं काम. पिंपं बनवायची जुनी फॅक्टरी, आर्किटेक्ट लीना बो बार्दी. बाई १९७६ मध्ये पहिल्यांदा बघायला गेल्या तेव्हा शेड रिकामी. पुन्हा शनिवारी गेल्या तर आत पोरं धावतायत, फुटबॉल चाललाय, आया शेगडीवर काहीतरी भाजतायत. म्हणजे लोकांनी जागा आधीच वापरायला काढली होती! बाईंनी ठरवलं की हे बंद पडता कामा नये. शेड ठेवल्या, गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या, वाचायला, नाटकाला, नुसतं बसायलाही जागा केली. १९८२ मध्ये ते सगळं खुलं झालं, खेळाचे काँक्रीटचे टॉवर त्यानंतर आले.

आणि गंमत बघा, मघाशी ज्या पाण्याच्या नावाने मी एवढी बोंब मारली ना, ते पाणी बाईंनी मुद्दाम आत आणलं. मोठ्या शेडच्या जमिनीत नागमोडी ओढा आहे, उथळ, खाली गोटे, आणि लोक त्याच्या काठाला पेपर वाचत बसलेले असतात.